पाळणाघर पाहायला किती वाजता जावं?

प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची. त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, त्यामुळे कामावर परतायच्या दिवशी बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. पाळणाघराचा शोध मात्र बहुधा शेवटच्या पंधरवड्यात सुरू होतो. सांगलीतल्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘विश्रामबागेत चांगलं पाळणाघर सुचवा’ असा निरोप पडतो आणि तासाभरात उत्तरं येतात: ‘काकू घरच्यासारखं सांभाळतात’, ‘आमच्या जाऊबाईंचा मुलगा तिथेच होता’. मग रविवारी सगळं घर जाऊन भिंतीवरचे हत्ती-जिराफ पाहून येतं. त्या दिवशी तिथे एकही मूल नसतं.

विकत घ्यायच्या गोष्टींत पाळणाघर फार विचित्र. पैसे देणारा दिवसभर तिथे नसतो आणि जो असतो त्याला बोलता येत नाही. विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचं काय होतं हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवलं आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. चांगल्या-वाईटाला एकच भाव मिळू लागला की चांगलं ठेवणाऱ्याला ते परवडेनासं होतं. जुनी गाडी निदान ओळखीच्या मेकॅनिकला दाखवता येते.

पालकांना दर्जा कितपत ओळखता येतो, हे मोजलं गेलं आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या चार राज्यांत सुमारे ४०० केंद्रं प्रशिक्षित निरीक्षकांनी सात गुणांच्या मोजपट्टीवर तपासली. त्याच बाबींवर पालकांनाही गुण द्यायला सांगितले. पालकांचे गुण निरीक्षकांपेक्षा बरेच जास्त निघाले. पुढे अमेरिका आणि जर्मनी यांची तुलना झाली, तिथेही हेच. गंमत म्हणजे पालकांना जी गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि जी सहज तपासता येत नाही, तिथे फुगवटा अधिक. रोज मूल सोडून निघायचं तर ते चांगल्या हाती आहे असं मानावंच लागतं. मन तेवढी सोय करून घेतं. नाजी मोजान या अर्थतज्ज्ञांनी चार राज्यांतल्या त्या पाहणीचे आकडे तपासले, तेव्हा पालक चुकीच्या खुणा वाचतात असं दिसलं. दर्शनी खोलीची टापटीप ही त्यातलीच एक. आतल्या खोलीत काय चालतं हे तिच्यावरून कळत नाही.

म्हणून ओळखीतून आलेली माहिती टाकून द्यायची असं नाही. काकूंचा स्वभाव, फीची कटकट, घरात कोण कोण राहतं, हे शेजारणीइतकं कुणालाच ठाऊक नसतं. फक्त मोजताना सावध राहावं. तीन जणींनी नाव सुचवलं आणि तिघींनी ते एकाच जाऊबाईंकडून ऐकलं असेल, तर ते एकच मत. शिवाय संध्याकाळी फाटकाशी भेटतात ते टिकलेले पालक. ज्यांचं बिनसलं ते तिथे नसतात. खरी माहिती मूल काढून घेतलेल्यांकडे असते. त्यांना ‘कसं आहे?’ असं विचारू नये, त्याला ‘चांगलं आहे’ हेच उत्तर येतं. गेल्या वर्षभरात किती मावश्या बदलल्या, ताप आल्यावर फोन किती वाजता आला, पडल्याचं आधी त्यांनी सांगितलं की घरी आंघोळ घालताना दिसलं, असं टोकदार विचारावं.

पाळणाघरात कॅमेरा आहे, एवढ्यानेही निर्धास्त होऊ नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात नोंदली गेली होती. पण चित्रण तपासलं गेलं ते आईला जखम दिसल्यानंतर. कॅमेरा पुरावा ठेवतो. चित्रण रोज कोण पाहतं आणि पालकांना मागितल्यावर मिळतं का, हे वेगळं विचारावं लागतं.

आता वेळ. सकाळी अकरा ही पाळणाघराची सर्वांत देखणी वेळ: मुलं ताजी, मावश्या ताज्या. जायचं ते दुपारी साडेबारा ते दीडच्या जेवणात आणि एकदा संध्याकाळी पाचनंतर, तेही कामाच्या दिवशी आणि न कळवता. जेवणाच्या वेळी येऊ देत नसतील तर तेही उत्तरच. अर्धा तास कोपऱ्यात बसावं आणि आधी डोकी मोजावीत. ‘पंचवीस मुलं, तीन मावश्या’ हा फलकावरचा हिशेब. एक मावशी स्वयंपाकात आणि एक दोनला घरी जाणारी असेल, तर चार वाजता पंचविसांमागे एकच उरते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दर १० मुलांमागे एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस, आणि दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत म्हणजे दहा-बारा मुलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची शिफारस याहून बरीच कडक आहे: वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस. आग लागली तर एक माणूस किती तान्ही उचलून पळेल, एवढा विचार केला की हा आकडा कुठून येतो ते कळतं.

डोकी मोजून झाली की कान द्यावा. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला. सांभाळणारी व्यक्ती मुलांशी किती आणि कशी बोलते, याचा त्यांच्या भाषेशी आणि समजेशी संबंध त्यात दिसला. ‘गप बस’, ‘इकडे ये’, ‘तोंड उघड’ हे हुकूम झाले. ‘भात गरम आहे का रे?’, ‘कावळा कुठे गेला?’ हे बोलणं. रडणाऱ्या बाळाकडे कुणीतरी किती वेळात वळतं, हे घड्याळात पाहता येतं. टीव्ही चालू असेल तर तो पाहुण्यांसाठी लावलेला नसतो.

खाऊच्या डब्यातही डोकावावं. सांगलीत बेदाणे आणि द्राक्षं घराघरात, शेंगदाणेही. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा किंवा अख्खं द्राक्ष देऊ नये, श्वासनलिकेत अडकतं. द्राक्षाचे उभे चार तुकडे करतात का, हे विचारल्यावर मावशी गोंधळल्या तर तिथे हा विषय कधी निघालेला नाही असं समजावं.

सांगलीपुरता आणखी एक प्रश्न. लहान मुलांसाठी तळमजला बरा, कारण बाहेर काढणं सोपं. पण गावभाग, मारुती चौक या भागात तोच मजला आधी पाण्यात जातो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कोणत्या पातळीला पाळणाघर बंद करतात आणि पालक मिरजेत किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत अडकला तर मूल कुणाच्या हाती देतात, हे जुलैआधी लिहून घ्यावं.

प्रवेश झाल्यावर शोध संपत नाही, उलट आता रोज नवी माहिती हाती येते. सोडताना होणारं रडणं पालकांना सर्वांत जास्त हलवतं, पण दर्जाबद्दल ते फारसं सांगत नाही. साधारण आठ महिने ते दीड वर्ष या वयात आई दिसेनाशी झाली की मूल रडणारच. वीस मिनिटांनी फोन करून मागे काय ऐकू येतं ते पाहावं. महिना उलटूनही मूल दिवसभर कुणाकडेच झेपावत नसेल, तर मात्र थांबून विचार करावा. आणि पिशवी तपासावी. नऊ ते सहा अशा नऊ तासांत डायपर दर दोन-तीन तासांनी बदलायचा तर तीन-चार लागतात. सकाळी चार दिले आणि संध्याकाळी तीन परत आले, तर दुसऱ्या दिवशीही मोजावेत, तिसऱ्या दिवशीही.