आमराईतले कवडसे

सांगलीच्या आमराईत लोक फोटो काढतात ते गेटचे, पाटीचे, नाहीतर फुलांच्या वाफ्यांचे. छान असतात, पण ते कुठल्याही गावच्या बागेचे म्हणून खपतील. आमराई ओळखू येते ती तिच्या सावलीवरून. रस्त्यावरच्या रणरणत्या उन्हातून आत पाऊल टाकलं की डोळे निवतात, अंगावरचा ताप उतरतो. हा फरकच या बागेचा स्वभाव आहे, आणि मोबाइलच्या फोटोतून नेमका तोच सगळ्यात आधी गायब होतो.

याचं कारण कॅमेऱ्याच्या हिशेबात आहे. भर दुपारी उघड्या जमिनीवर सुमारे एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. दाट झाडाखाली तो काही हजारांवर येतो, कधी त्याहूनही कमी. कॅमेरा मात्र समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या उजेडाचं असावं असं धरून चालतो. शिवाय आजचे मोबाइल कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतात. सावली उजळते, ऊन मंदावतं आणि दोन्हींतला फरक पुसला जातो. उपाय सोपा आहे: स्क्रीनवर उन्हाच्या तुकड्यावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. सावली काळी पडली तर पडू द्यावी.

आता खाली मान घालून कवडसे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, कुठे तिकोनी, कुठे नुसती चीर. तरी जमिनीवरचे कवडसे बहुतेक गोल! कारण उंचावरची प्रत्येक लहानशी फट सूचिछिद्र कॅमेऱ्याचं, म्हणजे भिंगाऐवजी नुसतं बारीक भोक असलेल्या कॅमेऱ्याचं काम करते, आणि तो गोल म्हणजे चक्क सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सांगलीतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसत होतं. अशा वेळी झाडाखालचे सगळे कवडसे एकदम चंद्रकोरीसारखे होतात, कारण वर सूर्याचीच कोर झालेली असते.

या गोलांना मापही आहे. आपल्याला सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे फटीपासून जमिनीपर्यंत किरण जेवढं अंतर कापतो, त्याच्या साधारण १०८ व्या भागाएवढा कवडशाचा व्यास भरतो. नऊ सेंटिमीटरचा कवडसा दिसला, तर ती फट जवळपास दहा मीटरवर आहे. म्हणजे मोठे, मऊ कडांचे कवडसे उंच झाडांची खूण. खालच्या फांद्यांतून आलेले तुकडे लहान आणि धारदार असतात, त्यांत फटीचा मूळ आकारही उरतो. पायाखालच्या जमिनीचा नीट घेतलेला फोटो वरच्या छताची उंची सांगून जातो. आमराईची ओळख करून द्यायला याहून चांगला फोटो मला तरी सुचत नाही.

दिवस निवडताना सूर्याचा कल बघावा. सांगली १६.८५ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ७-८ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली बुंध्याशी गोळा होते. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य भर दुपारीही ५० अंशांच्या वर चढत नाही. ऊन तिरपं होऊन फांद्यांखालून आत शिरतं, कवडसे लांबट होतात आणि खोडांच्या सालीवरची भेग न् भेग उठून दिसते. मी तर हिवाळाच निवडेन. त्यात कृष्णेकडून आलेलं सकाळचं धुकं असेल तर सोन्याहून पिवळं. धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यत्वे पुढच्या दिशेनं विखुरतात, म्हणून सूर्याच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की उन्हाचे झोत स्पष्ट दिसतात.

पानांसाठीही तीच दिशा बरी. आंब्याच्या पानावर मेणचट थर असतो. समोरून पाहिलं तर त्यावर आभाळाची पांढुरकी चमक येते आणि हिरवा रंग फिका पडतो. ऊन पानाच्या मागून आलं की हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्यापर्यंत हिरवा-पिवळाच पोचतो. तांबूस कोवळी पालवी तर अशा उजेडात पेटल्यासारखी दिसते.

झाडांची दाटी दाखवायची असेल तर मागं सरका. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं खोड अवाढव्य दिसतं, मागची झाडं किडकिडीत आणि विखुरलेली. तीस पावलं मागं जाऊन दोन-तीन पट झूम केला की रांगा एकमेकींजवळ येतात. ही किमया अंतराची. झूम फक्त चौकट लहान करतो.

राहिली माणसं. फिरायला येणाऱ्यांशिवाय आमराई अपुरी वाटते, पण कुणाचा चेहरा न विचारता टिपणं मला पटत नाही. त्यासाठी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवावं. झपझप चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात ७० सेंटिमीटर पुढे सरकतो. फोटोत त्याचा फिकट पट्टा उमटतो आणि खोडं जागच्या जागी ठाम राहतात. हे फटफटायच्या वेळी किंवा दिवेलागणीलाच करावं, उन्हात फोटो पांढराफटक होईल. मोबाइल हातात न धरता बाकावर टेकवून ठेवा आणि टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही बसणार नाही.