ध्रुवीय पर्यटनाचे नियमन

उत्तर व दक्षिण ध्रुवाकडील दुर्गम प्रदेशांत पर्यटकांनी कुठे, किती संख्येने आणि कसे उतरावे हे ठरवणारी व्यवस्था. कोकणपट्टीला हा विषय परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आजही वास्कोत आहे.

अंटार्क्टिकावर ना तलाठी, ना पोलीस पाटील. १९५९ च्या अंटार्क्टिका कराराने सगळ्या देशांचे मालकीचे दावे गोठवले, त्यामुळे प्रत्येक देश आपापल्या मोहिमांना कायद्याने बांधतो. भारतीय मोहिमेतल्या माणसाला २०२२ च्या अधिनियमानुसार परवाना किंवा करारातील दुसऱ्या देशाची लेखी संमती लागते.

रोजचे नियम मात्र मुख्यतः १९९१ मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेने घडवले. पाचशेहून अधिक प्रवाशांचे जहाज कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसे, वीस जणांमागे एक वाटाड्या, पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर. उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवतात, खिशांच्या शिवणी व्हॅक्यूमने साफ करतात. पावसाळा सरल्यावर सड्यावरून आलेल्याच्या विजारीला कुसळे कशी चिकटतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे कारण सांगावे लागत नाही. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेले पोआ अ‍ॅनुआ हे गवत खरोखरच रुजले आहे.

उत्तरेकडे स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेचे राज्य असल्याने तिथे कायदा थेट लागू होतो. २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत जहाजावर दोनशेच प्रवासी चालतात आणि नेमून दिलेल्या ४३ जागांवरच उतरता येते.

मंडणगड तालुक्यातील वेळासला कासवाची पिल्ले समुद्राकडे सोडताना पाहुण्यांना दोरीमागे थांबवतात, तीच ही रीत. फरक एवढाच, की वेळासात दोरी धरणारा त्याच गावचा असतो. अंटार्क्टिकावर ती तिकीट विकणाऱ्याच्याच हाती आहे. खरी उणीवही तिथेच आहे. एका वेळी शंभर ठरले, पण हंगामात एकूण किती, याला मर्यादाच नाही. २०२३-२४ मध्ये तो आकडा सव्वा लाखाच्या आसपास गेला. पर्यटनासाठी सर्वंकष चौकट आखण्याचे काम करारातल्या देशांच्या मे २०२४ च्या कोची बैठकीत सुरू झाले. करारातले निर्णय एकमतानेच होतात. मताधिकार असलेला एक देश अडला तरी ठराव अडतो.