तंबू, गाभारा आणि माणसं

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पहिल्याच अध्यायात शब्द, म्हणजे येशू, देही होतो आणि, मराठी बायबलच्या भाषेत, ‘आमच्यामध्ये वस्ती’ करतो. मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘एस्केनोसेन’. त्यात ‘स्केने’, म्हणजे तंबू, दडलाय. तो आमच्यात आला आणि त्याने पाल ठोकलं, असं काहीसं. ‘वस्ती’ चूक नाही, पण कनातीचा वास तिला येत नाही.

हा तंबू जुना. बायबलच्या जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या ४०व्या अध्यायात रानातला निवासमंडप, देवाच्या वस्तीचा तंबू, उभा राहतो, त्यावर ढग उतरतो आणि देवाचं तेज आत इतकं भरतं की मंडप उभारणाऱ्या मोशेलाच आत शिरता येत नाही. शलमोन राजाने यरुशलेमात बांधलेल्या मंदिरातही तोच ढग. पुढे यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्तात दिसतं ते हेच तेज मंदिर सोडून पूर्वेच्या डोंगराकडे निघालेलं. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते मंदिर जाळलं. सत्तरेक वर्षांनी दुसरं बांधून झालं, पण ती हकिकत सांगणाऱ्या एज्राच्या पुस्तकात ढग उतरत नाही. परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, कराराचा कोशही, देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटीही, उरला नव्हता.

इ.स. ७०मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने हे दुसरं मंदिरही पाडलं, म्हणून ख्रिस्ती मंडळी देवाला माणसांत शोधू लागली, असं सरसकट सांगतात. मला ते अर्धंच पटतं. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते इ.स. ५३ ते ५५च्या सुमारास. यरुशलेमात तेव्हा रोज बळी दिले जात होते. तरी तो लिहितो, तुम्ही देवाचं मंदिर आहात. शब्दही बघा: ‘हिएरॉन’ म्हणजे अंगण-ओवऱ्यांसकट सगळं आवार, पौल वापरतो ‘नाओस’, आपण ज्याला गाभारा म्हणू तो. आणि हे ‘तुम्ही’ आदरार्थी नव्हे, अनेकवचनी. गटातटांत फुटून भांडणाऱ्या त्या अख्ख्या मंडळीला मिळून एक गाभारा!

मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘दोघे किंवा तिघे’ जमतात तिथे येशू हजर असतो. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातही दोघं तोरावर, म्हणजे मोशेच्या धर्मशास्त्रावर, बोलत बसले की त्यांच्यामध्ये ‘शेखिना’, देवाचं सान्निध्य, असते. म्हणजे ही ओढ एकट्या ख्रिस्ती लोकांची नव्हती.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटी नवं यरुशलेम उतरतं, त्यात मंदिरच नाही. नगराची लांबी, रुंदी, उंची सारखीच. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थानही तसंच होतं: वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच.