'निगेटिव्ह' अहवालामागचे विषाणू

ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यातील डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्यांची जी रांग लागत असे, तिच्यातील बऱ्याच जणांना स्वाइन फ्लू झालेलाच नव्हता. देशातील या आजाराचा पहिला मृत्यू 3 ऑगस्टला याच शहरात झाल्यामुळे साधी शिंक आली तरी माणसे धास्तावत, आणि घशातील स्रावाचा अहवाल 'निगेटिव्ह' आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडे. आमच्याकडे तर तो कागद काही दिवस देवघरात होता. मात्र ताप स्वाइन फ्लूचा नाही तर मग कशाचा, हा प्रश्न आम्ही कोणीही विचारला नाही.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने फार जुनी नाहीत. भारतात एक कोटीहून अधिक बळी घेणाऱ्या 1918 च्या साथीचा दोष तेव्हा एका जिवाणूला दिला जात होता. माणसातील फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तो 1933 मध्ये. सर्दी-पडशाचे नेहमीचे मानकरी, म्हणजे ऱ्हायनोव्हायरस, अॅडिनोव्हायरस आणि लहान मुलांना धाप लावणारा आरएसव्ही, हे 1950 च्या दशकात सापडले. त्याच दशकाच्या आरंभी, 1952 मध्ये, पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले, पण त्याचा भर डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रोगांवर होता. पुढे 1978 मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही) झाले, आणि 2009 पर्यंत 'एनआयव्हीचा रिपोर्ट' हा शब्दप्रयोग पुणेकरांच्या तोंडी बसला.

महासाथ आली की नेहमीच्या विषाणूंचे काय होते, याची एक खूण फ्लूच्याच घराण्यात दिसते. 1957 मध्ये एच2एन2 हा फ्लूचा नवा उपप्रकार आला आणि तोवर फिरणारा एच1एन1 दिसेनासा झाला. 1968 मध्ये एच3एन2 ने एच2एन2 ची जागा घेतली. 1977 मध्ये एच1एन1 परतला, आणि 2009 च्या नव्या एच1एन1 ने, म्हणजे स्वाइन फ्लूने, त्या परतलेल्यालाही हुसकावले.

वेगवेगळ्या घराण्यांतील विषाणूंचे नाते मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. 2009 मध्ये युरोपात सुट्ट्या संपून शाळा भरल्या तेव्हा फ्लू झपाट्याने पसरेल अशी धास्ती होती, पण फ्रान्स व स्वीडनमध्ये आधी ऱ्हायनोव्हायरसची सर्दी पसरली आणि फ्लूची लाट लांबली. सर्दीनेच फ्लूला अडवले, असा अंदाज तेथील संशोधकांनी मांडला. एका विषाणूची बाधा झालेली पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात, त्यामुळे दुसऱ्याला काही काळ पाय रोवणे जड जाते. इंटरफेरॉनचा शोध 1957 मध्ये लागला तोही अशाच अडवणुकीच्या अभ्यासातून, आणि त्याचे नावही त्यावरूनच (इंग्रजी 'इंटरफिअर', म्हणजे आड येणे) पडले. तथापि हा अडसर थोड्या दिवसांचा असतो आणि एकाच रुग्णात दोन विषाणू सापडणे मुळीच दुर्मीळ नाही, हे विसरून चालत नाही.

9 मार्च 2020 रोजी राज्यातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच आढळले, आणि त्यानंतरच्या टाळेबंदीने जगभर एक नकळत प्रयोग घडवला. फ्लू जवळपास नाहीसा झाला. त्याच्या 'बी' प्रकारातील यामागाता ही शाखा तर मार्च 2020 नंतर खात्रीने कोठेही आढळलेली नाही आणि तिला लशीतून वगळण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली. ऱ्हायनोव्हायरस मात्र टिकून राहिला. त्याच्यावर स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे दुकानाच्या दारातील सॅनिटायझरला तो फ्लूइतका सहज बधत नाही, शिवाय लहान मुलांत तो एरवीही मुक्कामालाच असतो. आरएसव्हीने वेळापत्रकच मोडले: ऑस्ट्रेलियात तो हिवाळा सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर उसळला, कारण दरम्यानच्या काळात जन्मलेल्या मुलांची त्याच्याशी गाठच पडलेली नव्हती.

पुण्यात फ्लूचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा, जूनमध्ये शाळा उघडल्यानंतरचा. त्यामुळे युरोपातील हिवाळ्याचे ठोकताळे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हा शहरात पुन्हा मास्क दिसू लागले. हा विषाणू 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, आणि साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासल्यावर तो त्याआधी निदान पन्नास वर्षे माणसांत फिरत होता, असे दिसले. म्हणजे 2009 च्या त्या रांगेतही तो कोणाच्या तरी घशात असण्याची शक्यता आहे, आणि त्याचाही अहवाल 'निगेटिव्ह'च आला असेल.