घरच्या जमिनीवर कॉलनी काढायची आहे? आधी पोहोच रस्ता मोजा

मागच्या उन्हाळ्यात इंदूरच्या रामबागेतले एक काका लेआउटची गुंडाळी काखेत मारून माझ्याकडे आले. गावाकडची जमीन, एक हेक्टरला थोडी कमी. मुलं पुण्याला आणि बेंगलोरला, शेती कोण करणार, तर प्लॉट पाडू असं ठरलेलं. फाइल दुसऱ्यांदा परत आली होती आणि शेऱ्यात एकच ओळ होती: 'पहुँच मार्ग स्पष्ट करें.' काका वैतागले होते. ‘‘आतला रस्ता चांगला तीस फुटी दाखवलाय हो, आणखी काय स्पष्ट करू?’’

मी लेआउटची ड्रॉइंगं काढतो, त्यामुळे अशी वाक्यं आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतात. आतल्या रस्त्यावरून फाइल क्वचित अडते. अडते ती जमिनीपर्यंत जाणाऱ्या वाटेवर, आणि ती वाट बहुतेक वेळा अर्जदाराच्या मालकीची नसते. म्हणून पुढे नेहमीच्या पायऱ्या एकेका ओळीत उरकल्या आहेत आणि अडणाऱ्या जागी जरा बसलो आहे.

पहिला घोळ कार्यालयाचा. इंदूरला कॉलनी काढायची तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात. लेआउट मंजूर करतं नगर तथा ग्राम निवेश खातं, म्हणजे आपलं टीएनसीपी, 1973 च्या अधिनियमाखाली. रस्ते, गटारं, दिवे अशा विकासकामाची परवानगी देते महापालिकेची कॉलनी सेल. जमीन महापालिकेच्या हद्दीबाहेर असेल तर ती महसूल अधिकाऱ्यांकडून पंचायत राज अधिनियमाखाली मिळते. 2014 साली 29 गावं महापालिकेत आली. त्या गावांतली मंडळी आजही सरपंचाच्या सहीशिक्क्याचा कागद फाइलला लावून आणतात. तो कागद जपून ठेवा, आठवण म्हणून. परवानगी म्हणून त्याला किंमत नाही.

दुसरा गैरसमज डायव्हर्शनचा, म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलण्याचा. ‘‘डायव्हर्शन झालंय, आता काय अडचण?’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली उत्तर द्यायच्या आधी चहा मागवतो. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेच्या कलम 59 मध्ये 2018 साली बदल झाला. तेव्हापासून मालकाने स्वतः आकारणी करायची, पैसे भरायचे आणि उपविभागीय अधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे ते करभरणीचं काम झालं. त्यातून प्लॉट पाडायचा हक्क मिळत नाही. शहराच्या विकास योजनेत तुमचा खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर) निवासी वापरात आहे का, हे आधी टीएनसीपीत बघा. हिरव्या पट्ट्यात असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

कागदांपैकी खसऱ्याचा उतारा, बी-1 (खात्याचा उतारा), रजिस्ट्री, ओळखपत्रं, टोटल स्टेशनचा सर्व्हे हे सगळं गोळा होतं. अडतात ते तीन.

खसऱ्याच्या उताऱ्यातला कैफियतीचा, म्हणजे शेऱ्यांचा, रकाना कोणी वाचत नाही. तिथे जमीन सरकारी पट्ट्याची, म्हणजे सरकारने दिलेली, असल्याची नोंद असेल तर त्याच संहितेच्या कलम 165 (7-ख) प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. प्लॉट विकायचेच नसतील तर लेआउट कशाला?

मग बटांकन, म्हणजे वाटणीप्रमाणे नकाशावरही तुकडे पाडून घेणं. वाटणीनंतर कागदावर खसरा 112/1, 112/2, 112/3 असे तीन झाले, भावांनी बांध घातले, वीस वर्षं गेली. पटवाऱ्याच्या (आपल्या तलाठ्याच्या) नकाशावर मात्र अजून एकच 112. नकाशाच फुटला नाही तर तुमचा तुकडा नेमका कुठे, हे खातं कसं मानणार? आणि भाऊ भावाला दोन हात रस्त्याकडे सरकवू देत नाही, हे सांगायला नको. आधी तहसीलमधून बटांकन करून घ्या, त्यानंतर सीमांकन, म्हणजे हद्दीची मोजणी. उलट क्रमाने केलंत तर सीमांकनाचे पैसे दोनदा जातात.

सीमांकनाचा अहवाल म्हणजे पटवाऱ्याने दिलेली चिठ्ठी नव्हे. शेजाऱ्यांना नोटीस, पंचनामा, फील्ड बुक आणि आदेश, हे सगळं एकत्र हवं. पावसाळा सुरू झाला की शेतात सोयाबीन उभं राहतं आणि मोजणी पुढे ढकलली जाते. म्हणून हा अर्ज होळीच्या आत टाकावा. हे नियमात लिहिलेलं नाही, पण माझ्या टेबलावरच्या निम्म्या फाइली याच कारणाने दिवाळीपर्यंत लोळतात.

आता रस्ता.

रस्त्यांच्या रुंदीचा मूळ हिशोब राष्ट्रीय इमारत संहितेतून येतो. निवासी भागात 75 मीटर लांबीपर्यंत 6 मीटर रुंदी, 150 पर्यंत साडेसात, 250 पर्यंत 9, 400 पर्यंत 12, 1000 पर्यंत 18 आणि त्यापुढे 24. प्लॉट रस्त्याच्या एकाच बाजूला असतील तर यातून 1 मीटर कमी करता येतो. हा किमान आकडा आहे. परिसराच्या हितासाठी अधिकारी जास्त रुंदी मागू शकतो, आणि राज्याच्या भूमी विकास नियमांत किंवा विकास योजनेत मोठा आकडा असेल तर तोच धरायचा. मी स्वतः इंदूरला 9 च्या खाली जातच नाही. 6 मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की अग्निशमनचा बंब कोपऱ्यावरच उभा राहतो.

आकडे सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती लांबी कुठून मोजायची यात. मुख्य रस्त्याची लांबी मोजायची ती सगळ्यात लांबच्या प्लॉटपासून सार्वजनिक रस्त्यापर्यंत. तुमच्या फाटकापर्यंत नाही. उपरस्त्याची लांबी मात्र तो जिथे सुरू होतो तिथून पुढच्या रुंद रस्त्याला मिळेपर्यंत. हे एकदा डोक्यात बसलं की काकांची फाइल का परत आली ते लगेच कळतं.

त्यांची जमीन 60 मीटर रुंद, 165 मीटर खोल. मधून एक रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट. 165 मीटरला 9 मीटर रुंदी पुरते, आणि काकांचे तीस फूट म्हणजे 9.14 मीटर, म्हणजे उलट थोडे जास्तच. पण जमीन गावच्या पक्क्या रस्त्यापासून 100 मीटर आत. मधली वाट 6 मीटरहूनही अरुंद, तेव्हा ती सार्वजनिक रस्ता म्हणून धरली जात नाही. 165 आणि 100 मिळून 265. रुंदी 12 मीटर! आत 3 मीटर रुंदी वाढली की 165 मीटरवर 495 चौरस मीटर जागा जाते, म्हणजे हजार-हजार फुटांचे पाच प्लॉट. काकांचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन जागेवर गेलो. काका म्हणत होते वाट वीस फुटांची आहे, ट्रॅक्टर आरामात जातो. ट्रॅक्टर जातोच. विहिरीपाशी वाट 5 मीटर निघाली. बाभळीच्या कुंपणापाशी साडेचार. वळणावर शेजाऱ्याने गोठ्याचा ओटा बाहेर काढला होता, तिथे 3 मीटर 80. काका म्हणाले, ‘‘सरासरी धरा ना.’’ रस्त्याची सरासरी धरत नाहीत. सगळ्यात अरुंद जागा असते तीच रुंदी.

त्यातही जागेवरचं माप शेवटचं नाही. रेकॉर्डवर काय आहे ते बघतात. गावाचा नकाशा 1:4000 चा असेल तर कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 4 मीटर. पटवारी पट्टी लावून ‘‘एक मिलिमीटर’’ म्हणाला की तुमची वाट झाली 4 मीटरची. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर 6 चीही होईल. या एका रेघेवर माणसांचे संसार टांगलेले असतात, आणि खात्यातला माणूस ‘रस्ता स्पष्ट करा’ एवढंच लिहून जेवायला जातो. कोणता कागद आणला म्हणजे तो स्पष्ट होईल, हे लिहायला आणखी एक ओळ लागली असती.

ती ओळ मी लिहितो. वाट सरकारी असेल तर तिचा खसरा क्रमांक, नकाशाची प्रमाणित प्रत आणि वाजिब-उल-अर्ज किंवा निस्तार पत्रक या गावाच्या वहिवाटीच्या कागदांतली नोंद जोडा. वाट खाजगी शेतातून जात असेल आणि वहिवाट अडवली असेल तर तहसीलदार भू-राजस्व संहितेच्या कलम 131 खाली निकाल देतो. पण तो शेतात जायच्या वहिवाटीचा. त्या आदेशावर ऐंशी घरांची कॉलनी उभी राहत नाही. विकास योजनेतला प्रस्तावित रस्ता जवळून जात असेल तर तो दाखवायचा मोह आवरा. एमआर-11, एमआर-12 अशा योजनेतल्या रस्त्यांची नावं सांगून प्लॉट विकणारे खूप आहेत, पण नकाशावरची तुटक रेघ म्हणजे रस्ता नव्हे. तो जागेवर आणि ताब्यात कुठवर आला आहे, हे विकास प्राधिकरणाकडून लेखी घ्या.

मग उरतात दोन वाटा. शेजाऱ्याला सहअर्जदार करून एकत्र लेआउट काढायचा किंवा त्याच्याकडून पट्टी विकत घ्यायची. विकत म्हणजे रजिस्ट्रीने. नोटरी केलेलं संमतिपत्र चालेल, असं कोणी सांगितलं तर त्याला नमस्कार करून निघा. आज संमती देणारा उद्या वारल्यावर त्याची मुलं फाटक लावतात, हे खात्यालाही ठाऊक आहे.

आतल्या रस्त्यांबद्दल थोडंच. रुंदी म्हणजे हद्दीपासून हद्दीपर्यंत. त्यात गटार, खांब, झाडं सगळं आलं, पण प्लॉटचं समोरचं मार्जिन त्यात मोजायचं नाही. रस्त्याला वळण दिलं म्हणून लांबी नव्याने सुरू होत नाही, ही युक्ती जुनी झाली. कोपरे गोल किंवा तिरके कापा. आणि रस्ता शेवटी बंद होत असेल तर नीट वाचा: 150 ते 275 मीटरपर्यंतचा बंद रस्ता निवासी भागातच चालतो, तोही सरळ रस्त्याला लागूनच. 150 मीटरवर गाडी वळवायला जादा जागा लागते, ती 81 चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि कुठलीही बाजू 9 मीटरच्या आत नको. बंद टोकाची पातळी सुरुवातीपेक्षा उंच हवी. हा शेवटचा मुद्दा ड्रॉइंगवर कोणी दाखवत नाही आणि पहिल्या पावसात शेवटच्या घरात पाणी शिरतं.

अर्ज ऑनलाइन. निर्णयाची मुदत 60 दिवस. तेवढ्यात कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं 1973 च्या अधिनियमाच्या कलम 30 मध्ये आहे खरं, पण त्यावर विसंबून खोदकाम सुरू करू नका. खात्याने माहिती मागितल्यापासून तुम्ही ती देईपर्यंतचे दिवस या 60 मध्ये धरत नाहीत. बहुतेकदा लॉगिन आर्किटेक्टचं असतं, मेसेज त्याच्या मोबाइलवर जातो आणि तुम्ही घरी कॅलेंडरवर फुल्या मारत बसता. पोर्टलवरची स्थिती दर आठवड्याला स्वतः बघा.

दुसरी मुदत याहून जास्त लोकांना बुडवते. टीएनसीपीची परवानगी 3 वर्षं टिकते, पुढे वर्षावर्षाने वाढवून मिळते, एकूण 5 च्या वर नाही. ही वर्षं मूळ परवानगीच्या तारखेपासून मोजतात. काम सुरू केल्यापासून नाही, कॉलनी सेलची परवानगी आल्यापासूनही नाही. तिथे दीड वर्ष गेलं असेल तर ते तुमचंच गेलं.

त्यानंतर कॉलोनायझर म्हणून नोंदणी, महापालिका हद्दीत 1956 च्या महापालिका अधिनियमाच्या कलम 292-क खाली. मग विकास परवानगी, त्यात कामाच्या हमीसाठी काही प्लॉट गहाण राहतात. जमीन 500 चौरस मीटरच्या वर असेल तर रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी. रेरा नंबर येण्याआधी जाहिरातही करायची नाही आणि बयाणाही घ्यायचा नाही. इंदूरमध्ये डायरीवर सौदे करायची खोड जुनी आहे: दलाल वहीत नाव लिहितो, रोख घेतो, पावती देत नाही. काकांकडेही असे दोघं येऊन गेले. मी म्हटलं, वही त्याची, पण रेराची नोटीस तुमच्या नावाने येईल.

काकांचं गणित शेवटी बसलं. बागेसाठी दहा टक्के, म्हणजे 990 चौरस मीटर मोकळे सोडायचेच होते. आधीच्या ड्रॉइंगमध्ये बाग फाटकाशी होती, देखणी दिसते म्हणून. ती उचलून मागच्या टोकाला आडवी टाकली, 60 बाय साडेसोळा. शेवटचा प्लॉट तेवढा अलीकडे आला आणि लांबी झाली 248.5 मीटर. म्हणजे 9 मीटरच्या रस्त्यात काम भागलं. गाडी वळवायच्या जागांत एक प्लॉट गेला, काकांनी फारशी कुरकुर केली नाही. वाटेसाठी शेजाऱ्याकडून 5 मीटर रुंद, 100 मीटर लांब पट्टी रजिस्ट्रीने घेतली. गोठ्याचा ओटा त्यानेच पाडला, पैसे वेगळे घेऊन.

पट्टी विकत घेतल्यामुळे तिला नवा खसरा क्रमांक पडला आहे. तिचं बटांकन सध्या पटवाऱ्याकडे आहे, आणि शेतात सोयाबीन उभं आहे.