बिम सॉफ्टवेअरचा इंटरफेस

बिम सॉफ्टवेअरचा इंटरफेस : इमारतीचे संगणकीय प्रतिमान (रूढ भाषेत मॉडेल) उभे करणाऱ्या सॉफ्टवेअरचा कामाचा पडदा व त्यावरील साधनांची मांडणी. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बिम’ हा शब्द रूढ झाला. बांधकामावर ‘बीम’ म्हटले की गवंड्याला तुळई कळते, त्यामुळे साइटवर बोलताना सॉफ्टवेअरचे नाव घेणे किंवा नुसते ‘मॉडेल’ म्हणणे बरे. रेव्हिट आणि आर्किकॅड ही या वर्गातील सर्वपरिचित सॉफ्टवेअरे होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः रेव्हिटच्या पडद्याचा विचार केला आहे.

ऑटोकॅडसारख्या आरेखन सॉफ्टवेअरमध्ये दोन समांतर रेघा ओढल्या की ती भिंत आहे, असे माणूस मानतो. संगणकाच्या लेखी त्या रेघाच असतात. बिममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदली जाते. तिला जाडी, उंची, थर आणि घनफळ असते. प्लॅन, छेद, दर्शनी आराखडा आणि खिडक्या-दारांची यादी ही त्या एकाच मॉडेलची निरनिराळी दर्शने होत. पडद्याची सगळी रचना या एका तत्त्वावर बेतलेली आहे. बटणांच्या जागा पाठ करून इंटरफेस शिकवण्याची प्रथा म्हणूनच अपुरी पडते.

पूर्वपीठिका : या संकल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये १९६३ मध्ये मांडलेली ‘स्केचपॅड’ प्रणाली हा आरंभबिंदू मानण्याकडे काहींचा कल आहे. प्रकाश-लेखणीने पडद्यावर थेट आकृती काढणे आणि त्या आकृतीला भूमितीच्या अटी घालणे या दोन्ही गोष्टी तीत होत्या. मात्र इमारत हा तिचा विषय नव्हता. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७४-७५ च्या सुमारास मांडलेल्या ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’मध्ये मात्र आजची कल्पना जवळजवळ पूर्णपणे आढळते. इमारतीचे वर्णन एकदाच साठवावे, सर्व आराखडे त्यातून काढावेत आणि एका ठिकाणचा बदल सर्वत्र उमटावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. शब्दाचा इतिहास वेगळा आहे. रॉबर्ट एश यांच्या १९८६ च्या लेखात ‘बिल्डिंग मॉडेलिंग’ असा प्रयोग येतो. ‘इन्फर्मेशन’ या पदासह पूर्ण संज्ञा व्हॅन नेडरव्हीन व टोलमन यांच्या १९९२ च्या शोधनिबंधात आढळते. जेरी लेझरिन यांनी २००२ नंतर तिचा हिरिरीने प्रसार केल्यामुळे पुष्कळदा श्रेय त्यांच्याकडे जाते. संकल्पना ईस्टमन यांची, संज्ञा १९९२ ची आणि प्रसार लेझरिन यांचा, अशी विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टचा मान पहिला धरतात. गाबोर बोयार यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे ‘रडार सीएच’ १९८४ च्या सुमारास ॲपल लिसा संगणकावर आले. त्यातूनच पुढे आर्किकॅड घडले. रेव्हिटचा उगम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधला आहे. लिओनिद रेझ व अर्विन युंगराइस यांनी १९९७ मध्ये चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. यंत्रभागांच्या आरेखनात मापे एकमेकांशी बांधून ठेवण्याचे जे तंत्र रुळले होते, ते त्यांनी इमारतीला लावले. पहिली आवृत्ती २००० मध्ये आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने कंपनी विकत घेतली. ‘रिव्हाइज इन्स्टंटली’ या शब्दांच्या संक्षेपातून रेव्हिट हे नाव बनले, असे सांगितले जाते.

पडद्याची रचना : माथ्यावर रिबन, म्हणजे साधनांची पट्टी असते. ही मांडणी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीने रूढ केली व रेव्हिटने २०१० च्या आवृत्तीत ती स्वीकारली. जुन्या पुस्तकांतील चित्रे आजच्या पडद्याशी जुळत नाहीत याचे कारण हेच. रिबनखालील पर्यायपट्टी निवडलेल्या साधनाप्रमाणे बदलते. नवशिक्याचे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. मधली मोठी जागा आरेखनाची. प्रॉपर्टीज फलक आणि प्रोजेक्ट ब्राउझर सहसा डावीकडे असतात. तळाशी दृश्य-नियंत्रण पट्टी असून मापप्रमाण, तपशिलाची पातळी आणि तात्पुरते लपवणे ही कामे तेथून होतात. एखादा फलक चुकून बंद झाल्यास व्ह्यू टॅबमधील युजर इंटरफेस या बटणातून तो परत आणता येतो.

यांपैकी प्रोजेक्ट ब्राउझर आधी समजून घ्यावा. त्यातील प्रत्येक दृश्याचे नाव हे एकाच इमारतीकडे पाहण्याची एकेक खिडकी आहे. एका दृश्यात भिंत पुसली की ती सर्व दृश्यांतून जाते, कारण पुसली जाते ती भिंत, तिचे चित्र नव्हे. ऑटोकॅडवरून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो. छेदात नको असलेली भिंत तो डिलीट करतो आणि प्लॅनमधली खोली उघडी पडते. त्या वेळी भिंत त्या दृश्यापुरती लपवायची असते.

नव्या प्रकल्पाच्या प्लॅनमध्ये चार दिशांना चार खुणा दिसतात. प्रत्येक खुणेत एक वर्तुळ व त्याला लागून त्रिकोण असतो. त्या दर्शनी आराखड्यांच्या खुणा होत. इमारत त्यांच्या आत यावी लागते. मोठा प्लॉट असेल तर खुणा बाहेर सरकवाव्यात, मात्र वर्तुळ आणि त्रिकोण दोन्ही मिळून निवडावेत. खूण पुसली की तो दर्शनी आराखडाही नाहीसा होतो.

छेदपातळी : प्लॅन म्हणजे इमारत एका उंचीवर आडवी कापून वरून घेतलेले दर्शन, हे शाळेतल्या भूमितीपासून ठाऊक असते. रेव्हिटमध्ये ही उंची प्रत्यक्ष आकड्याने ठरवावी लागते. व्ह्यू रेंज या चौकटीत माथा, छेदपातळी, तळ आणि दृश्यखोली अशा चार पातळ्या असतात. मेट्रिक साच्यात (नवा प्रकल्प ज्यावरून सुरू होतो त्या तयार टेम्प्लेटमध्ये) छेदपातळी बहुधा १२०० मिमी. वर असते. जुन्या वाड्याचे मॉडेल करताना १५०० मिमी. वर कोरलेला कोनाडा प्लॅनमध्ये उमटत नाही. भिंत त्याच्या खाली छेदली गेल्यामुळे ती सलग, भरीव दिसते. विद्यार्थी कोनाडा पुन्हा कोरतो आणि एकाच जागी दोन कोनाडे होतात. छेदपातळी वर घेणे हा सरळ उपाय आहे. संपूर्ण प्लॅनची पातळी बदलायची नसल्यास प्लॅन रीजन या साधनाने तेवढ्याच भागापुरती ती बदलता येते. आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : ६ फुटांपेक्षा (मेट्रिकमध्ये २ मी.) कमी उंचीची भिंत छेदपातळीत आली तरी छेदलेली दाखवली जात नाही, वरूनच दाखवली जाते. कंपाउंडची भिंत फिकट का दिसते, हा प्रश्न त्यामुळे पडतो.

घटकांची उतरंड : प्रत्येक घटक वर्ग, कुल, प्रकार व नग अशा चार पायऱ्यांत बसतो. दरवाजे हा वर्ग, एकफळी दरवाजा हे कुल, ३ बाय ७ फूट हा प्रकार आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसवलेला दरवाजा हा नग. प्रॉपर्टीज फलकात दिसते ते बहुतांशी नगाचे असते. ‘एडिट टाइप’ दाबल्यावर होणारा बदल त्या प्रकारच्या सर्व नगांना लागू होतो. साच्यातील २०० मिमी.ची भिंत आपल्याकडच्या विटेशी जुळत नाही. इथे नऊ इंची म्हणजे २३० आणि बोलीत ‘चार इंची’ म्हटली जाणारी ११५ मिमी.ची भिंत लागते. त्यासाठी आधी डुप्लिकेट करून नवे नाव द्यावे, मगच जाडी बदलावी. प्रकारांना आणि खोल्यांना देवनागरीत नावे देता येतात. ‘ओसरी’, ‘ढेळज’, ‘देवघर’ असे लिहिलेला नकाशा घरधन्याला पटकन उमगतो. टंक मात्र युनिकोडचा, उदाहरणार्थ मंगल, असावा.

प्रारंभक्रम : भिंतीपासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. पहिली पायरी एककांची असून कळफलकावर यू-एन ही अक्षरे ओळीने दाबल्यास ती चौकट उघडते. मराठवाड्यात घरमालक फुटांत बोलतो, प्लॉट गुंठ्यात सांगतो आणि मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये जातो. सुदैवाने मेट्रिक प्रकल्पातही आकड्यापुढे फुटाची खूण देऊन १० लिहिले, तर सॉफ्टवेअर त्याचे ३०४८ मिमी. स्वतःच करते.

त्यानंतर पातळ्या. लेव्हल हे साधन प्लॅनमध्ये मिटलेले, करडे दिसते. ते दर्शनी आराखड्यात किंवा छेदातच चालते. जमीन, जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांच्या माथ्यावरची आडवी तुळई) व स्लॅब अशा पातळ्या आखून घ्याव्यात. लिंटेलची स्वतंत्र पातळी घेण्याची शिफारस इथे आवर्जून करावीशी वाटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर जड माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, हे त्या हानीचे मोठे कारण होते. जोते, लिंटेल आणि छत या पातळ्यांवर भिंतीला बांधून ठेवणारे आडवे पट्टे हा भारतीय मानक ४३२६ मधील उपाय आहे. पट्ट्याला स्वतःची पातळी असली की तो मॉडेलमध्ये विसरला जात नाही.

मग ग्रिड. माळवदाच्या घरात दोन तुळयांमधील जागेला खण म्हणतात आणि घराचा आकार खणांनी सांगतात : पाच खणी, सात खणी. ग्रिड म्हणजे हीच खणांची आखणी होय. ज्याने असे घर पाहिले आहे त्याला वेगळी व्याख्या लागत नाही. साइटवर फक्की (पांढरी भुकटी) टाकून लाइनआउट, म्हणजे जमिनीवर आखणी करतात, तोच क्रम पडद्यावरही राखावा.

या दोन्हींनंतर भिंत (डब्ल्यू-ए), दरवाजा (डी-आर), खिडकी (डब्ल्यू-एन). भिंत काढण्यापूर्वी पर्यायपट्टीवरील उंची पाहावी. मेट्रिक साच्यात ती ‘अनकनेक्टेड’ व ८००० मिमी. असते. ती तशीच राहिली तर बैठ्या घराच्या भिंती स्लॅब ओलांडून गढीच्या बुरुजासारख्या चढतात आणि त्रिमितीय दृश्य उघडेपर्यंत ते ध्यानात येत नाही. उंची वरच्या पातळीला बांधावी. आता दर्शनी आराखड्यात जाऊन त्या वरच्या पातळीचा ४००० हा आकडा पुसून ३०४८ लिहावा. बांधलेल्या भिंती एकदम खाली उतरतात. न बांधलेली एखादी भिंत जिथल्या तिथे उभी राहते आणि आपोआप उघडी पडते. हा प्रयोग पहिल्याच दिवशी करावा. बिम म्हणजे काय, हे त्या क्षणी कळते.

टॅब व स्पेस या दोन कळांचे महत्त्व पुस्तकांत कमी सांगितले जाते. एकावर एक आलेल्या घटकांतून हवा तो निवडण्यासाठी टॅब दाबत राहावे. दरवाजाची उघडण्याची बाजू बसवतानाच स्पेसने फिरते.

पोकळी : कुलांच्या संपादनात भरीव आणि पोकळ असे दोन आकार मिळतात. पोकळ आकार भरीवातून वस्तुमान वजा करतो. वेरूळचे कैलास लेणे (क्र. १६) सामान्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७७३) याच्या काळातील मानतात, कामाचा काही भाग त्याआधीचा वा नंतरचा असावा, असेही मत आहे. एकाच बेसाल्ट कड्यातून वरून खाली दगड काढत घडवलेल्या या वास्तूचे मॉडेल भिंत आणि स्लॅबच्या साधनांनी बांधणे चुकीच्या वाटेने जाण्यासारखे आहे. आधी अखंड कडा, मग त्यातून पोकळ्या, हाच तिचा क्रम. जमिनीखाली धान्य साठवण्याचे पेव आणि भिंतीतले बळद यांनाही हेच लागू होते.

इतर सॉफ्टवेअर : आर्किकॅडमध्ये डावीकडे टूलबॉक्स, वर इन्फो बॉक्स आणि उजवीकडे नॅव्हिगेटर असतो; पातळ्यांऐवजी मजले धरतात. फ्रीकॅड हे मोफत व मुक्त सॉफ्टवेअर असून २०२४ मधील १.० आवृत्तीपासून बिमचे कार्यपीठ त्यात अंगभूत आहे. या सर्वांत देवाणघेवाणीसाठी आयएफसी हा खुला फाइल-प्रकार वापरतात. तो २०१३ पासून आयएसओ १६७३९ या मानकाखाली येतो.

जतन : रेव्हिट फाइल आपणहून जतन करत नाही, केवळ ठरावीक वेळाने आठवण देते. भारनियमनाच्या भागात ती आठवण टाळू नये. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे घरचा, क्लासचा आणि कार्यालयाचा संगणक यांवर एकाच वर्षाची आवृत्ती असावी लागते.