गावातल्या घराला शांत, देखणं रूप देताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. पांढऱ्या भिंती, लाकडी कपाटं, फुलाफुलांचे पडदे, खिडकीत काचेच्या बरणीत रानफुलं. "आम्हाला असं कॉटेज पाहिजे," असं सांगतात. कुणाला निवृत्तीनंतर गावी येऊन राहायचं असतं, तर कुणाची पुण्यात नोकरी करणारी मुलं आईवडिलांचं घर नीट करून देणार असतात. वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या गावांत आम्ही हे काम करतो. पैसे खर्च करण्याआधी ग्राहकाला काही गोष्टी माहीत असाव्यात, म्हणून हे पत्रक.

कॉटेज म्हणजे मुळात इंग्लंडच्या खेड्यातलं शेतमजुराचं, कारागिराचं लहानसं घर. जाड भिंती, त्यांवर चुन्याचा हात, गवताचं किंवा कौलांचं छप्पर, बुटक्या खोल्या आणि गावच्या सुताराने केलेलं मोजकं सामान. आपल्या आजोबांचं घर याहून वेगळं नव्हतं. त्यामुळे आमचा पहिला सल्ला नेहमी एकच असतो: नवीन काही आणण्याआधी घरात जे आहे ते उघडं करू. ऑइलपेंटखाली सागवान असतं, सिमेंटखाली देवळी (भिंतीतला कोनाडा) बुजलेली असते, माळ्यावर बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्या गंजत पडलेल्या असतात.

फरक आहे तो उन्हाचा. तिकडे ऊन दुर्मीळ, म्हणून त्यांची सजावट उजेड आत ओढणारी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपलं घर शांत वाटायचं तर ते आधी थंड असलं पाहिजे, आणि दुपारी डोळ्यांना अंधुक गारवा मिळाला पाहिजे. फोटोतली मोठी काचेची खिडकी पश्चिमेच्या भिंतीत बसवून मागितली, तर आम्ही नाही म्हणतो. तीच खिडकी उत्तरेला आनंदाने करून देतो.

शक्य असेल त्यांनी काम ठरवण्याआधी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जाऊन बापूकुटीत, म्हणजे गांधीजींच्या आश्रमातल्या झोपडीत, थोडा वेळ बसावं. गांधीजी १९३६ साली त्या गावात राहायला आले. बापूकुटी आधी त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची झोपडी होती, पुढे वाढवून ती गांधीजींसाठी केली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू (कौलं). सजावट म्हणाल तर मीराबेनने मातीच्या भिंतीवर हाताने उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा, अशी मोजकीच. तरी तिथून उठावंसं वाटत नाही. रिकामी भिंत आणि थोपवलेला उजेड काय करतात, ते आम्ही सांगण्यापेक्षा तिथे बसल्यावर लवकर समजतं.

भिंती: चुना का, आणि कसा

या विषयावर आम्ही जरा जास्त लिहितो आहोत, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया गेलेला आम्ही पाहतो.

धंद्याच्या सुरुवातीला एका जुन्या मातीच्या घराला आम्ही सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट असं काम करून दिलं. दिवाळीत घर आरशासारखं दिसत होतं. पुढच्या श्रावणात भिंतीला खालून दोन-अडीच फुटांपर्यंत फुगे आले, पापुद्रे सुटले आणि मागे पांढरा लोणा (क्षार) फुलला. चूक आमची होती. जुन्या भिंती जमिनीतलं पाणी ओढतात आणि पृष्ठभागातून ते हवेत सोडतात. आम्ही तो रस्ताच बंद केला होता. ते काम आम्ही आमच्या खर्चाने खरवडून काढलं आणि चुन्यात पुन्हा केलं. तेव्हापासून मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीवर आम्ही प्लास्टिक पेंट लावत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरी.

चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. कळीचा चुना पाण्यात भिजवायचा, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो भिंतीवर हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणूनच तो पापुद्र्यासारखा सुटत नाही, वर्षांनी फार तर झिजतो. वणीजवळच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, तेव्हा माल लांबून आणायची गरज नाही.

आमची पद्धत अशी. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे चुन्याचे खडे. पाणी चुलीवर ठेवल्यासारखं उकळायला लागतं, खडे तडकतात, वाफ उठते. त्या वेळी लेकरांना जवळ येऊ देऊ नका. आमचे कारागीरही चष्मा लावून उभे असतात. चुना डोळ्यात उडालाच, तर बराच वेळ स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. भिजलेला चुना झाकून काही दिवस मुरू देतो, धोतराच्या फडक्यातून गाळतो, आणि हाताला लागू नये म्हणून भिजवलेला बाभळीचा डिंक घालतो. भिंत आधी पाण्याने ओली करून पातळ तीन हात देतो. तिन्ही हात एकाच दिवशी उरकत नाही.

पहिल्या संध्याकाळी जवळपास प्रत्येक घरून फोन येतो, की भिंत तर तशीच दिसते, नुसतं पाणी मारून गेले का. ओला चुना पारदर्शक दिसतो. सकाळी चहा घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहा. रात्रीतून ती पांढरी झालेली असते, आणि त्या पांढऱ्यात जी मऊ चमक असते ती डब्यातल्या रंगाला येत नाही.

रंगछटा: शुभ्र पांढरा आम्ही फक्त अंधाऱ्या माजघरात देतो. अंगणाकडच्या खोल्यांत तो दुपारी डोळ्यांवर येतो. तिथे पिवळ्या मातीची चिमूट घालून दुधी रंग करतो. खाली तीन फुटांपर्यंत गेरूचा पट्टा घ्या असंही सुचवतो. पाठ टेकून बसण्याची जागा तीच, मळते तीच. जुन्या लोकांनी पट्टा उगाच काढला नव्हता. रंग वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट नमुना करून आठवडाभर तसाच ठेवतो. सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहून मगच होकार द्या.

हंगाम: दिवाळी ते फेब्रुवारी. मे महिन्यात चुना इतका झटपट वाळतो की भुकटी होऊन हाताला लागतो, आणि पावसाळ्यात वाळतच नाही. अक्षय तृतीयेच्या लग्नासाठी एप्रिलमध्ये फोन करणाऱ्यांना आम्ही चुन्याचं काम नाकारतो. वाईट वाटतं, पण इलाज नाही. आधी ऑइलपेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तो पेंट पूर्ण काढावाच लागतो.

दारं, चौकटी, मयाली (तुळया)

समुद्रपूर तालुक्यातल्या एका घरी पुढचं दार बदलायचं म्हणून आम्हाला बोलावलं होतं. निळा ऑइलपेंट, त्याखाली हिरवा, त्याखाली तपकिरी. एका कोपऱ्यात वीतभर जागा खरवडून पाहिली तर आत मधाच्या रंगाचं सागवान, रेषा जिवंत. घरच्या काकू बोट फिरवत म्हणाल्या, "हे तं माह्या सासूच्या येळचं दार होय बाप्पा, आतून असं निंघन असं वाटलंच नोतं." ते दार आजही तिथेच आहे. नवीन दाराचे पैसे वाचले, ते छपरीच्या (ओसरीच्या) दुरुस्तीला लागले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान म्हणजे काय चीज आहे, हे वेगळं सांगायला नको. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड बल्लारपूरहून गेलं. जुन्या सागाच्या गाभ्याला उधई (वाळवी) सहसा लागत नाही. लागते ती कडेच्या पांढरट लाकडाला. त्यामुळे चौकटीचा बुडखा टोचून पाहतो, आणि खराब असेल तर तेवढाच तुकडा काढून सांधा देतो.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांची खात्री नाही. म्हणून आम्ही कोरडा पॉलिशपेपर मारत नाही. ओलं करून खरवडतो, मास्क लावतो, खाली ताडपत्री अंथरतो आणि निघालेला रंग गोळा करून नेतो. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नसलेल्या बऱ्या.

उघड्या लाकडाला आम्ही जवसाचं तेल देतो. पातळ हात, जिरू द्यायचं, उरलेलं पुसून काढायचं, काही दिवसांनी पुन्हा. पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात घरच्या घरी देता येतो. पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच सांभाळावं. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

छप्पर

वानरांनी कवेलू टिकू दिले नाहीत, म्हणून गावोगावी टिना (पत्रे) आल्या. पुन्हा कवेलू घाला असं आम्ही म्हणत नाही, वानरं अजून आहेतच. टिनेखाली हवेसाठी जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं (विणलेल्या चटईचं) छत बांधतो आणि दोन्ही टोकांना जाळी ठेवतो, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. खालून ते छत फार सुंदर दिसतं. एक पट्टी उघडता येईल अशी ठेवतो, गळती शोधायला आणि उंदीर-खारींचा बंदोबस्त करायला. पीओपीचं फॉल्स सीलिंग आम्ही करत नाही. टिन गळली की पहिला डाग तिथेच पडतो.

पडदे, कापड, गोधड्या

कॉटेजच्या फोटोतल्या फुलांच्या छापील कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात. तो शब्द आपल्याच छीट किंवा चीट या शब्दावरून गेला. सतराव्या शतकात व्यापारी कंपन्यांनी हिंदुस्थानातलं हे कापड तिकडे नेलं, आणि त्याने इतकं वेड लावलं की तिथल्या विणकरांच्या तक्रारींवरून इंग्लंडच्या पार्लमेंटने १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. ती १७७४ मध्ये उठली. त्यामुळे फुलांचा पडदा लावताना परक्याचं काही आणतोय असं वाटून घेऊ नका. खोलीत फुलं मात्र एकाच ठिकाणी असावीत, पडद्यावर किंवा चादरीवर. बाकी साधी खादी. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते, तिचे मातकट आणि निळे रंग चुन्याच्या भिंतीशेजारी खुलून दिसतात. कापूस पिकवणाऱ्या मुलखात पॉलिस्टरचे पडदे लावलेले पाहिले की आम्हाला खरंच वाईट वाटतं. सुती पडदा हवा खेळू देतो, धुता येतो, आणि विटला तरी वाईट दिसत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला पडद्याचा उपयोग थोडा. काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने अडत नाही, उष्णता खोलीतच राहते. तिथे बाहेरच्या बाजूने बांबूची चिक किंवा तट्टा लावा. उन्हाळ्यात खसाची ताटी, पाणी मारून. जुलैत हवा दमट झाली की ती काढून वाळवून ठेवायची.

आजीच्या हातची गोधडी असेल तर ती पेटीत ठेवू नका. छपरीतल्या बाजेवर अंथरा.

सामान

सोफासेट घेण्याआधी छपरीचा मयाल आम्हाला तपासू द्या. तो भक्कम असेल तर बंगई टांगू. बंगई असलेल्या घरात माणसं सोफ्यावर बसत नाहीत, हे आम्ही इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता बेधडक सांगतो. सगळं सामान एका जोडीचं असण्याची गरज नाही. एक बाज, दोन लाकडी खुर्च्या, भिंतीत उघडी देवळी आणि तिच्यात आईच्या लग्नातला भंडाऱ्याचा पितळी गडवा. चिंचेने घासला की झालं.

बांबूचं सामान बुरडाकडूनच करून घ्या. बांबू तीन वर्षांपुढचा, हिवाळ्यात तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवलेला आहे का, हे विचारा. कोवळ्या बांबूत साखर-स्टार्च जास्त असतो, तो भुंगा पोखरतो. खुर्चीखाली पिवळी भुकटी पडू लागली की समजायचं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मुरवण्याची रीत तिथे नीट शिकवतात.

दिवे घेताना बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन (पिवळसर उजेड) लिहिलेलं पाहा. ६५०० चा पांढरा बल्ब दुकानाला ठीक, चुन्याच्या भिंतीवर तो राखेसारखा दिसतो.

खिडकीतल्या बरणीसाठी विकतची फुलं नकोत. सांदवाडीत (परसात) मोगरा, मधुमालती, गावठी गुलाब लावा. फाल्गुनात पळसाची एक फांदी पुरते.

आम्ही येण्याआधी

पहिल्या भेटीत आम्ही मोजमापाइतकाच वेळ घर पाहण्यात घालवतो. शक्यतो दुपारी १ ते ४ मध्ये बोलवा, ऊन कुठून येतं ते तेव्हाच दिसतं. पावसाळ्यात कुठे गळतं आणि कुठे ओल चढते त्याचे फोटो असतील तर काढून ठेवा. माळ्यावरची, गोठ्यातली जुनी दारं, कड्या, खुंट्या, पाट, पितळी भांडी भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला दाखवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्या दिवशी त्यांना घरी थांबायला सांगा. कोणती भिंत मातीची, कोणती नंतरची, देवळी कुठे बुजवली, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नसतं.